जगाला वळसा घालणाऱ्या नावेचं गाव

बीडच्या बाईने समुद्रावर लिहायला घेतलं की आधी तिच्या घरचेच हसतात. आमच्याकडे पाणी म्हणजे नळ येण्याचा वार, गच्चीवरची टाकी आणि उन्हाळ्यात गल्लीच्या तोंडाशी उभा राहणारा टँकर. कंकालेश्वराचं देऊळ पाण्यात उभं आहे, तेवढंच काय ते आमचं बेट!

तरीही गोव्याला जाऊन आल्यावर तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. त्याला कारण माझी लेक. ती बारावीला आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींनाही घेतात, तिथला फॉर्म भरायचा आणि पुढे नौदलात जायचं, असं तिने डोक्यात घेतलंय. कपाटाच्या दाराला आतून 'तारिणी' या शिडाच्या नावेचं चित्र चिकटवलेलं. सासूबाई म्हणाल्या, "बिंदुसरेत कधी पाय बुडवला नाही, आणि म्हणे नौदल!" मी वरवर लेकीची बाजू घेत होते, पण खरं सांगायचं तर मनातून मी सासूबाईंच्याच पक्षात होते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं पुण्यावरून पणजीला गेलो. आमच्या ह्यांना समुद्रकिनारा हवा होता, मला मंगेशी, आणि लेकीला दिवाडी बेट. दिवाडी तिलाच का हवी, ते मला तिथे जाईपर्यंत नीट कळलं नव्हतं.

तुम्ही गेलात तर एवढं करा. जुन्या गोव्यातली मोठमोठी चर्चेस पाहून झाली की बहुतेक मंडळी जेवायला पळतात. तसं न करता नदीच्या बाजूला, व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली चालत जा. तिथे मांडवीच्या काठाला फेरीबोट लागते. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. स्कूटर, मोटारी, मासळीची पाटी घेतलेल्या बायका, शाळेची मुलं, सगळे एकाच सपाट बोटीवर उभे. पाच-सात मिनिटांचा प्रवास, पण मी कठडा असा धरला होता की ह्यांनी विचारलं, "उखडून बीडला न्यायचा आहे का?" पायांत सपाट चप्पल असू द्या, धक्क्यावर शेवाळ असतं.

पलीकडे भातशेती, नारळ, टेकडीवर पिएदादचं चर्च. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडलं, देव नदीपार नार्व्याला गेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी करवला. हे ठाऊक असेल तर त्या हिरव्या शांततेत जरा वेगळंच वाटतं.

आणि याच बेटावर ॲक्वेरियस नावाचा, रत्नाकर दांडेकर यांचा, नावा बांधायचा कारखाना आहे. आम्ही फाटकापर्यंतच गेलो. पण लेकीला आत काय झालं ते पाठ होतं. २००९ साली इथून 'म्हादेई' नौदलात गेली. म्हादई हे मांडवीचंच नाव. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तीत बसून मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. शिडाच्या नावेतून एकट्याने जगाला फेरी मारणारे ते पहिले भारतीय, आणि आडनावावरून तुम्ही ओळखलं असेलच, मराठी माणूस! पुढे २०१७ मध्ये 'तारिणी' याच कारखान्यातून आली. लांबी छप्पन्न फूट. आमचं घर अंगणासकट मोजलं तर तेवढंच भरेल.

या तारिणीतून सहा जणी गेल्या: वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता. १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या, २१ मे २०१८ ला परतल्या. २५४ दिवस, एकवीस हजार सहाशे सागरी मैल, म्हणजे चाळीस हजार किलोमीटर. त्या वर्षीची दिवाळी भर समुद्रात. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो स्वयंपाकाचा. अशा नावेत शेगडी झुलत्या चौकटीत बसवलेली असते, म्हणजे नाव कलली तरी पातेलं सरळ राहतं. हिरवी भाजी चार-आठ दिवसांत संपते, पुढे कांदे-बटाटे, डाळ-तांदूळ नि डबे.

म्हणूनच वाटेतल्या बंदरांचं एवढं महत्त्व. आता जगाला फेरी मारणाऱ्या शर्यतींचे मुक्काम मोठ्या थाटात होतात. २००८ च्या डिसेंबरात 'व्हॉल्वो ओशन रेस'च्या नावा आपल्या कोचीला थांबल्या होत्या. तारिणीचे ठरलेले थांबे चार: ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटल्टन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅन्ली आणि आफ्रिकेत केप टाऊन. स्टॅन्ली हे जेमतेम अडीच-तीन हजार वस्तीचं गाव, आपल्याकडचं तालुक्याचं ठिकाणही त्याहून मोठं. पण हॉर्न भूशिराला वळसा घालून, साठ सागरी मैल वेगाचा वारा आणि दुमजली घरापेक्षा उंच लाटा सोसून आल्यावर तेच माहेर. शिडं उसवली असतील ती शिवायची, दोर बदलायचे, कपडे धुवायचे, झोपायचं, भाजी भरायची आणि पुन्हा निघायचं. परतीच्या वाटेवर सुकाणूची यंत्रणा बिघडली, तेव्हा यादीत नसलेलं मॉरिशसचं पोर्ट लुई पाचवं माहेर झालं.

केप टाऊनचं ऐकून मात्र मी फेरीच्या धक्क्यावर बसलेच. तारिणी तिथे मार्च २०१८ मध्ये पोचली. त्या वर्षी तिथे दुष्काळ होता. १ फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला पन्नास लिटर पाण्याची मर्यादा घातलेली, आणि नळ कधी बंद करावे लागतील याचा हिशेब रोज वर्तमानपत्रात. समोर अथांग समुद्र, आणि घरात बादल्या मोजताहेत! आपल्या शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते दिवस आठवले. भांडी घासलेलं पाणी झाडांना, आंघोळीचं संडासात. ते शहर आमच्या गल्लीतलंच वाटायला लागलं.

लेक म्हणाली, "आई, 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत पाणी गोडं करायचं यंत्र चालत नाही. पावसाचं पाणी शिडावरून गोळा करतात आणि घोटघोट पितात. तुला किती छान जमलं असतं!" ही शर्यत पहिल्यांदा १९६८ मध्ये झाली. ती जिंकणारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली' मुंबईत सागवानात बांधलेली होती. तिची प्रतिकृती 'थुरिया' हीसुद्धा याच दिवाडीत तयार झाली.

तेव्हा मी मनातलं विचारलं, "आणि त्या थुरियाचं काय झालं?" तिने लपवलं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली. कमांडर अभिलाष टॉमींच्या पाठीला एवढी जबर इजा झाली की हलताही येईना. तीन दिवसांनी फ्रान्सच्या बोटीने त्यांना उचललं. "मग चार वर्षांनी तीच शर्यत पुन्हा केली त्यांनी, दुसरे आले," ती घाईने म्हणाली. मी ते ऐकलं, पण माझ्या डोक्यात ते तीन दिवस राहिले. त्यांची आई तेव्हा काय करत असेल? ह्यांनी चहा आणून दिला. बराच वेळ कुणी बोललं नाही.

संध्याकाळी पणजीच्या काठावरून लेकीने पलीकडे वेऱ्याकडे बोट दाखवलं. नौदलाचं आयएनएस मांडवी तिकडे. तिथूनच २ ऑक्टोबर २०२४ ला दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तारिणी घेऊन निघाल्या आणि २९ मे २०२५ ला सुखरूप परतल्या. वाटेत जानेवारीत त्या पॅसिफिकमधल्या पॉइंट निमोवरून गेल्या. तिथून सर्वांत जवळची जमीनही अडीच हजार किलोमीटरच्या पलीकडे. "एकमेकींशी भांडल्या नसतील का गं?" मी विचारलं. दोघी जावा एका स्वयंपाकघरात आठ दिवस धड नांदत नाहीत, आणि इथे आठ महिने! लेक खळखळून हसली.

बीडला परतलो त्याच दिवशी नळाचा वार होता. पिंपं भरताना तिने मला सांगितलं की पोहणं शिकायला ती पुढच्या महिन्यापासून जाणार आहे, फी ह्यांनी कबूल केली आहे. मला न विचारता! सासूबाईंनी पूजेतल्या गडूवर झाकण ठेवत विचारलं, "आणि हिला कोण शिकवणार?" म्हणजे मला. मीही नाव घालून आलेय, बायकांच्या सकाळच्या तुकडीत. फॉर्मवर नौदल पहिल्या पसंतीला लिहायचं की दुसऱ्या, यावर मात्र आमच्याकडे अजून वाद चालू आहे.