पोथी आणि पडदा

महाडहून भोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बारसगावचा फाटा लागतो. तेथून आत वळले की डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात आणि शेवटी शिवथरची घळ समोर उभी राहते. समर्थ रामदासांनी येथे बसून दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली ही जागा शोधून लोकांसमोर आणली. आम्ही दोघे महाडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो, त्यामुळे एक ग्रंथ म्हणून दासबोध आमच्या अभ्यासाचा विषय आहे. आमच्या आण्णांसाठी मात्र तो रोजचा श्वास. शिवथरच्या खोऱ्यातल्या शाळांत चौतीस वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या आण्णांनी दासनवमीला घळीत बसून पोथी वाचण्याचा नेम कधी मोडला नव्हता.

२०२१ च्या दासनवमीला आम्ही त्यांच्या शेजारी बसलो होतो. वाचन खणखणीत चालले होते. मध्येच त्यांच्या बोटाने दोन पाने एकदम उलटली. आम्ही सावरायला पुढे झालो, पण वाचन अडखळले नाही. मधल्या, न उघडलेल्या पानावरच्या ओव्या आण्णा एकही शब्द न गाळता म्हणत होते. पुढे ते पान उलटत राहिले, ओवी म्हणत राहिले आणि दोहोंचा मेळ कधीच सुटला होता. आण्णा वाचत नव्हते, वाचल्यासारखे करत होते. किती दिवसांपासून, हे विचारण्याचा धीर आम्हांला घरी परतेपर्यंत झाला नाही. विचारले तेव्हा ते इतकेच म्हणाले, "दोन वर्षं झाली असतील. तुम्ही दोघं कामात असता."

त्यांना मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. शस्त्रक्रिया लगेच करावी असे ठरले आणि राहिले. कोरोनाची दुसरी लाट आली. मग २०२१ च्या जुलैत सावित्रीच्या पुराने महाड बुडाले, तळीयेवर दरड कोसळली, आणि त्या दिवसांत कुणाच्या डोळ्यांचा विचार करणेही ओशाळवाणे वाटत होते. "पिकू दे अजून, पिकला की काढतात," असे आण्णाच आम्हांला समजावत. ही समजूत त्यांच्या तरुणपणची, आणि त्या काळी ती खरीही होती. आज ती खरी नाही. आजच्या पद्धतीत मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. दैनंदिन काम अडू लागले की शस्त्रक्रियेचा विचार करतात. उलट, फार पिकलेला बिंदू कठीण होतो, काढताना जोखीम वाढते आणि क्वचित डोळ्यातला दाब चढून डोळा धोक्यात येतो.

जानेवारी २०२२ मध्ये पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयाचे नाव येथे महत्त्वाचे नाही, कारण चूक आमची होती. शस्त्रक्रियेआधी एका परिचारिकेने चार पानी संमतिपत्र पुढे केले. मजकूर इंग्रजीत होता. खाली फुली मारून ठेवलेल्या तीन जागा होत्या. आम्ही तिन्ही जागी सह्या केल्या. कवितेतल्या एका अव्ययावर तासभर बोलणारी, विद्यार्थ्याने संदर्भ न पाहता अर्थ लावला तर त्याला फैलावर घेणारी आम्ही माणसे, आणि ज्या कागदावर आमच्या वडिलांच्या डोळ्याचा प्रश्न होता तो आम्ही वाचलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आण्णांना खिडकीबाहेरच्या झाडाची पाने वेगवेगळी दिसली. घरी आल्यावर समोरच्या डोंगरावरची घसरण, कौलांवरचे शेवाळ, आमच्या केसांतला पांढरा रंग, सगळे त्यांनी एकेक करून आम्हांला सांगितले. मग त्यांनी पोथी उघडली आणि काही क्षणांनी मिटून ठेवली. जवळचे काहीच लागत नव्हते. "हा डोळा फसला," असे ते म्हणाले आणि चार दिवस फारसे बोलले नाहीत. महिनाभराने चष्म्याचा नंबर काढला, तेव्हा अक्षरे दिसू लागली, पण ओळीच्या मधोमध ती वाकलेली, पुसट अशी. डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग वयोमानाने झिजला होता. भिंग नवे बसले, पडदा जुनाच राहिला. आम्ही धुसफुसत घरी आलो आणि त्या रात्री ते संमतिपत्र पहिल्यांदा वाचले. दुसऱ्या पानावर हाताने लिहिलेली एक ओळ होती. पडद्याच्या स्थितीमुळे किती दृष्टी येईल याची खात्री देता येत नाही, असा तिचा अर्थ. डॉक्टर तसे तोंडीही बोलले होते, हे मग आठवले. आम्ही त्यातली 'खात्री' ऐकली होती, पुढचा नकार ऐकला नव्हता.

दुसऱ्या डोळ्याआधी आम्ही एक दोनशेपानी वही केली. जे विचारायला हवे होते ते तिच्यात लिहीत गेलो. पुढचा मजकूर त्या वहीतला आहे. तो वैद्यकीय सल्ला नाही. दोन नापास विद्यार्थ्यांनी पुन्हा परीक्षेला बसण्याआधी केलेली टिपणे आहेत.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा नव्हे, बुबुळामागचे नैसर्गिक भिंग गढूळ होणे. कोणत्याही थेंबाने, मधाने किंवा तुळशीच्या रसाने ते पुन्हा स्वच्छ होत नाही. उपाय एकच, शस्त्रक्रिया. सुश्रुताच्या ग्रंथात शलाकेने हे गढूळ भिंग दृष्टीच्या वाटेतून बाजूला सारण्याची क्रिया वर्णिली आहे. तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे (१७७७–१८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. प्रत्येक डोळा वेगळा आणि प्रत्येकाची नोंद वेगळी ठेवावी, हे त्या दरबाराला ठाऊक होते याचे आम्हांला अप्रूप वाटले. पुढे भिंग बाहेर काढता येऊ लागले, पण त्याच्या जागी घालायला काही नव्हते. आण्णांच्या आईने सत्तरच्या दशकात एका शिबिरात डोळा करून घेतला होता, आणि मग मरेपर्यंत सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा तिच्या नाकावर होता. कृत्रिम भिंग खरे तर लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी १९४९ सालीच प्रथम बसवले होते. युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या खिडकीचे कपचे डोळा मुकाट्याने सोसतो, हे पाहून त्यांना ती कल्पना सुचली. ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून ते बारीक छेदातून ओढून घेण्याची पद्धत चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये आणली. आपल्याकडे अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे, आणि डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या शल्यविशारदांनी शिबिरांतून ही शस्त्रक्रिया गरिबाच्या दारापर्यंत नेली. म्हणजे शस्त्रक्रिया सोपी, स्वस्त आणि सर्वपरिचित झाली. म्हणूनच कदाचित तिच्याविषयी विचारायचे आम्हांला सुचले नाही.

वहीतला पहिला प्रश्न: भिंगामागे काय आहे? बाहुली मोठी करून पडदा आणि दृष्टिनाडी तपासली का? मधुमेहाने पडदा खराब झालेला असू शकतो, काचबिंदूने नाडी वाळलेली असू शकते. मोतीबिंदूने गेलेली नजर परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. ही दोन नावे आपल्याकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात आणि त्यातून फार मोठी फसगत होते. भिंग इतके गढूळ असेल की पडदा दिसतच नाही, तर सोनोग्राफी करून पाहतात. तेही विचारावे.

दुसरा प्रश्न आम्ही सांगायच्या गोष्टींचा होता. रक्तातली साखर, रक्तदाब, ॲलर्जी आणि रोजच्या सगळ्या गोळ्या, अगदी डोळ्याशी संबंध नसलेल्याही. आण्णा लघवीच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिन नावाची गोळी घेतात. पहिल्या वेळी ती सांगायची राहिली होती. या गोळीने डोळ्यातली बाहुली शस्त्रक्रियेच्या वेळी सैल पडते, आणि हे आधी कळले तर शल्यविशारद तयारीत राहतो. गोळी आधी बंद केली तरी परिणाम पुरता जात नाही, म्हणून सांगणे महत्त्वाचे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही आपल्या मनाने बंद करू नयेत. पापणीची सूज, डोळ्यातली घाण, अश्रुपिशवीतला पू असेल तर आधी तो बरा करावा लागतो.

तिसरा प्रश्न शस्त्रक्रियेच्या वेळेचा. बहुतेकदा पूर्ण भूल देत नाहीत. थेंबांनी किंवा डोळ्याजवळच्या इंजेक्शनने तेवढा भाग बधिर करतात. माणूस जागा असतो, सारे ऐकतो, आणि त्याला उताणे, स्थिर पडून राहावे लागते. खोकला असेल, उताणे झोपल्यावर धाप लागत असेल, कानाने कमी ऐकू येत असेल, तर ते आधी सांगावे. आण्णांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. दुसऱ्या वेळी डॉक्टर उजवीकडून बोलले, आणि खोकला आल्यास हलण्याआधी सांगायचे, हे त्यांच्याकडून वदवून घेतले.

चौथ्या प्रश्नासाठी आम्हांला खोऱ्यातली एक बाई आठवली. तिचा डोळा एका शिबिरात झाला. तिसऱ्या दिवशी ठणका लागला, नजर अंधारली. पण तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यातली होती आणि तारखेआधी जाणे तिला उद्धटपणाचे वाटले. तारखेला ती गेली तेव्हा उशीर झाला होता. शस्त्रक्रियेनंतर थोडे टोचणे, पाणी येणे चालते. वाढता ठणका, वाढती लाली, आलेली नजर पुन्हा कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, मिळेल त्या वाहनाने जायचे असते. डोळ्यात शिरलेला जंतू तासांच्या हिशेबाने काम करतो. बिहारमधल्या मुजफ्फरपूरला नोव्हेंबर २०२१ मध्ये एका शिबिरानंतर अशा संसर्गाने अनेकांचे डोळे काढून टाकावे लागले. म्हणून शिबिरात जाऊच नये असे नव्हे. शिबिर उठून गेल्यावर रात्री-अपरात्री कुणाला गाठायचे, त्याचा क्रमांक आधी घ्यावा. आमच्याकडे पावसाळ्यात वरंध घाट बंद होतो, ओढे रस्त्यावर येतात. म्हणून दुसरा डोळा आम्ही पाऊस सरल्यावर, नोव्हेंबरमध्ये केला.

बाकीचे घरातले नियम: डोळा चोळायचा नाही, सांगितलेले दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही, थेंब टाकण्याआधी हात धुवायचे, चुलीच्या धुरापासून आणि शेतातल्या चिखलापासून लांब राहायचे, हंडा उचलायचा नाही. काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले तर मोतीबिंदू परत आला असे नसते. भिंगामागची पातळ पिशवी पांढुरकी झालेली असू शकते, आणि ती लेसरने मोकळी करता येते.

शेवटचा प्रश्न मात्र आमचा नव्हता, डॉक्टरांचा होता. नवे डॉक्टर वहीतले सगळे प्रश्न ऐकून घेत म्हणाले, "तुम्ही दोघांनी बरंच विचारलंत. आता मला यांना विचारू द्या. आण्णा, तुम्हांला काय पाहायचं आहे?" साधे भिंग एकाच अंतराला नीट दाखवते. सहसा ते लांबचे लावतात आणि जवळच्यासाठी चष्मा देतात. पण ते जवळच्या अंतराकडे झुकवताही येते, मग लांबचे चष्म्याने पाहायचे. अनेक अंतरांचे भिंगही असते, पण पडदा झिजलेला असेल तर ते सहसा सुचवत नाहीत. या डोळ्याचा पडदा बराच बरा होता. दोन डोळ्यांत फार फरक ठेवला तर चालताना गोंधळ होतो, म्हणून थोडाच फरक ठेवू, हेही त्यांनी सांगितले.

पहिल्या डोळ्याच्या वेळी हा प्रश्न आण्णांना कुणी विचारला नव्हता. आम्हीही नाही. ते जरा थांबले आणि म्हणाले, "डोंगर मला पाठ आहेत. पोथीही पाठ आहे. पण पाठ असलेलं पुन्हा पाहावंसं वाटतं ते अक्षरच." मग त्यांनी संमतिपत्र मागितले. या वेळी ते मराठीत होते. आम्ही ते मोठ्याने वाचले, त्यांनी दोन ठिकाणी थांबवून अर्थ विचारला, आणि सही त्यांनी स्वतः केली. शस्त्रक्रिया कोणत्या डोळ्याची, हेही त्यांनी बोट ठेवून पडताळून घेतले.

२०२३ च्या दासनवमीला आम्ही पुन्हा घळीत होतो. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनाविषयीचा आहे, तो आम्ही वर्गात अनेकदा शिकवला आहे. तरुणपणी फार बारीक लिहिलेले अक्षर म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून ते मध्यम असावे, असे समर्थ तेथे सांगतात. वर्गात आम्ही ती एक व्यावहारिक सूचना म्हणून सांगून पुढे जात असू. आण्णा त्या ओवीपाशी आले आणि थांबले. पाने एकेकच उलटत होती. एका शब्दावर त्यांचे बोट टेकले होते. "इथं मी इतकी वर्षं एक अक्षर चुकीचं म्हणत होतो रे," ते म्हणाले, आणि ती ओवी त्यांनी पुन्हा, पाहून वाचली.