विकतची हरळी

हरळी आणि दूर्वा हे एकच गवत. मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. शहरात वाढलेल्याला सांगितलं तर त्याचा चटकन विश्वास बसत नाही. आमच्या घरात अप्पा तिला शिव्या देत आणि आई तिची जुडी देवाच्या माथ्यावर ठेवी. त्यावरून दोघांत कधी वाद झाल्याचं मला आठवत नाही.

आमची जमीन काळी, भारी, शाळूची. अशा जमिनीत हरळी एकदा घुसली की पीक बसतं आणि ती उठते. उन्हाळ्यात चार बैल जुंपून खोल नांगरट व्हायची, ढेकळं तापायची आणि मग बाया आणि आम्ही पोरं काशा वेचायला. जमिनीखालून धावणारी ती पांढरट, चिवट, गाठीगाठीची खोडं. प्रत्येक गाठीला डोळा असतो. कुळव नुसता फिरवला तर एका काशीचे पाच तुकडे होतात आणि पावसानंतर पाच ठिकाणी हरळी दिसते. म्हणून तुकडा न तुकडा उचलायचा, बांधावर कडक उन्हात वाळवायचा आणि पेटवून द्यायचा. अप्पा कंबर धरून उठत आणि म्हणत, “हिला मारायला गेलेला मरतूय, ही न्हाय.” बैलांना मात्र तीच हरळी आवडायची. बांधावर सोडले की दुसऱ्या गवताकडे ते बघतही नसत.

भाद्रपदात आई त्याच बांधावर मला पाठवायची. अटी ठरलेल्या: गुरं फिरतात तिथली नको, तुरा आलेली नको, कोवळी आणि तीन पानांची हवी. एकवीस झाल्या की दोऱ्यानं बांधायच्या. अनलासुराला गिळल्यावर गणपतीच्या अंगाची आग झाली, ती शेवटी ऋषींनी वाहिलेल्या दूर्वांनी शमली, ही गोष्ट आई दरवर्षी सांगे, जणू आम्ही पहिल्यांदाच ऐकतोय. मला त्या गोष्टीत वेगळंच आवडायचं. चंद्र, चंदन, शेषनाग हे सगळे थंडावे हरले आणि बांधावरचं फुकटचं गवत कामी आलं. ज्याच्या घरी दमडी नाही त्यालाही वाहता येईल असं काहीतरी देवाला आवडावं, ही सोय ज्यानं केली तो मोठा माणूस असला पाहिजे. आता मंडईत जुडीला पैसे मोजावे लागतात, हा भाग वेगळा.

लग्नानंतर टेक्ससला आले. डॅलसच्या उत्तरेला आमचं घर झालं तेव्हा बिल्डरनं पुढच्या-मागच्या अंगणात गवताच्या चौकोनी लाद्या आणून अंथरल्या. बर्म्युडा ग्रास. मी वाकून एक कोपरा उचलला, तर खाली पांढऱ्या काशा. जॉर्जियातल्या टिफ्टनला ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञानं आपली हरळी आणि तिची एक आफ्रिकन बहीण यांच्या संकरातून निघालेलं हे वाण, टिफवे 419, 1960 साली बाहेर आणलं. त्याला उगवणारं बी धरत नाही. लावायचं तर काशांचे तुकडेच लावावे लागतात. फोनवर अप्पांना सांगितलं तर बराच वेळ पलीकडून नुसतं हसू. “इकत घेतली? हरळी?” मग आईला हाक मारून पुन्हा तेच.

माती ओळखीची निघाली. इथल्या काळ्या चिकणमातीचा पट्टा आमच्या रानासारखाच, एके काळी कापसाचा. पावसात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो. माती आकसून पाया हलू नये म्हणून लोक घराच्या कडेनं पाणी सोडतात. घराला पाणी पाजतात, हे मी आईला सांगितलं. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. तुळशीला घालतो तसंच, म्हणाली.

इथे वर्ष गवतावरून कळतं. फेब्रुवारीच्या शेवटी, माती ऊब धरायच्या आत, तणाचं बी उगवू नये म्हणून औषध टाकायचं. मार्चमध्ये वाळका थर अगदी बुडापासून कापायचा. सगळं हिरवं झाल्यावर, एप्रिल-मेमध्ये, पहिलं नत्र. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा-दोनदा, पण खोलवर मुरेल असं पाणी. रोज थोडं शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि पहिल्याच कडक आठवड्यात अंगण करपतं. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापायचं नाही. थंडी जवळ आली की खत बंद, आणि पहिल्या कडाक्यात सगळं गवती चटईच्या रंगाचं. पहिल्या हिवाळ्यात शेजारीण म्हणाली, मेलं नाही, झोपलंय. मी तिला काय सांगणार?

2021च्या फेब्रुवारीत डॅलसचा पारा उणे एकोणीसपर्यंत उतरला. वीज गेली, पाइप फुटले. त्याच वसंतात अप्पा गेले. करोनाचे दिवस, जाणं झालं नाही. दहावा फोनच्या पडद्यावर पाहिला. एप्रिलमध्ये गल्लीतली सेंट ऑगस्टिन गवताची अंगणं जागोजागी मेलेली होती आणि आमचं हिरवं होत होतं. काशा मातीखाली असतात, हवेइतकी माती गारठत नाही, इतकं साधं कारण. एका मैत्रिणीनं प्रेमानं सुचवलं, बघ, काहीच संपत नसतं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. हरळी परत येते. माणूस येत नाही.

देवाबद्दलही मला खात्रीनं फार सांगता येत नाही. आई पूजा करी आणि अप्पा टाळ वाजवत, पण आरती संपली की अप्पा खराट्यानं अंगण झाडायला लागत. त्यांची श्रद्धा कुठे होती, हे मी कधी विचारलं नाही. आता मी इथे चतुर्थीच्या सकाळी, दिवस तापायच्या आत, मागच्या अंगणात उकिडवी बसते आणि एकवीस मोजते. तेवढा वेळ डोक्यात वाद नसतात. त्यातली अर्धी दूर्वा आफ्रिकन आहे, पण गणपतीनं अजून तक्रार केलेली नाही.

अडचण वेगळीच आहे. दर आठवड्याला कापलेल्या लॉनवर दूर्वा मिळत नाहीत. कोंब वाढू दिला तरच त्याला तीन पानांचा शेंडा येतो. मी कुंपणालगतचा एक पट्टा श्रावणापासून मशीनखाली जाऊ देत नाही. गवत बेताचं वाढलं तर कोणी काही म्हणत नाही. बारा इंचांच्या वर गेलं की शहराचा नियम आहे. त्या पट्ट्यात तणनाशक टाकत नाही आणि तणनाशक मिसळलेलं खतही नाही. पुण्यातल्या सोसायट्यांतही आता असली हिरवळ असते आणि चतुर्थीला लोक पिशव्या घेऊन तिथेच वाकतात. तुमच्याकडे असेल तर एक कोपरा राखा, आणि खुडण्याआधी माळ्याला विचारा, गेल्या महिन्यात काय फवारलं होतं.