डोंगरमाथ्यावरचे विजेते शहर

भारताच्या नकाशावर मिझोराम शोधायचे तर बोट पार पूर्वेच्या कोपऱ्यापर्यंत न्यावे लागते. एका अंगाला बांगलादेश, दुसऱ्या अंगाला म्यानमार आणि मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेल्या डोंगरांच्या रांगाच रांगा! २०११ च्या जनगणनेनुसार या सबंध राज्याची लोकसंख्या ११ लाखांच्या आत होती. म्हणजे एकट्या नाशिक शहराहूनही कमी. अशा या राज्याच्या राजधानीतल्या एका क्लबाने २०१७ साली कोलकाता, बंगळूर, गोवा आणि मुंबईच्या संघांना मागे टाकून फुटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. ऐझॉल फुटबॉल क्लब हे त्याचे नाव. ही किमया कशी घडली हे समजून घ्यायचे, तर आधी ते शहर पाहायला हवे.

उतारावरचा संसार

समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर, डोंगराच्या धारेवर ऐझॉल वसले आहे. १८९० साली ब्रिटिशांनी येथे लष्करी ठाणे उभारले, तेव्हापासून शहराचा इतिहास सुरू होतो. येथे सपाट जमीन अशी जवळजवळ नाहीच. रस्त्यावरून पाहिले तर घर एकमजली वाटते. पण मागच्या बाजूने वाकून पाहावे, तर खाली दरीत आणखी तीन-चार मजले खांबांवर उभे असतात. एका घराचे छप्पर शेजाऱ्याच्या अंगणाच्या पातळीला! रात्री समोरच्या डोंगरावरचे दिवे लागले की आकाश कोठे संपले आणि शहर कोठे सुरू झाले, हे कळत नाही.

बाहेरून आलेल्या माणसाला पहिले नवल वाटते ते रहदारीचे. अरुंद रस्ते, वाहनांची लांबच लांब रांग. पण कर्णा वाजत नाही. दुचाकी एका बाजूने, मोटारी दुसऱ्या बाजूने, आणि रांग मोडून कोणी पुढे घुसत नाही. शहराबाहेर महामार्गाच्या कडेला दुकानदार नसलेली दुकाने दिसतात. बांबूच्या मांडवात भाज्या, फळे मांडलेली असतात, शेजारी पैशांचा डबा. हवे ते घ्यावे, किंमत डब्यात टाकावी आणि वाटेला लागावे. शेतकरी तेव्हा आपल्या शेतात राबत असतो.

मिझो लोक या वागण्याला एक शब्द वापरतात – त्लॉमङाइना. स्वतःआधी दुसऱ्याचा विचार करावा, संकटात न बोलावता धावून जावे, असा त्याचा अर्थ. कोणाच्या घरी मृत्यू झाला की यंग मिझो असोसिएशन या १९३५ साली स्थापन झालेल्या संघटनेचे तरुण रात्रभर त्या घरी सोबतीला बसतात, कबर खणतात. येथे माणूस एकटा पडत नाही.

या शांत शहराने फार सोसलेही आहे. १९५९ च्या सुमारास बांबूला फुलोरा आला, उंदीर वाढले, त्यांनी पिके फस्त केली आणि दुष्काळ पडला. त्या असंतोषातून १९६६ साली बंड पेटले. त्याच वर्षी मार्चमध्ये ऐझॉलवर हवाई हल्ले झाले. पुढची वीस वर्षे अशांततेत गेली. १९८६ साली शांतता करार झाला आणि १९८७ साली मिझोराम स्वतंत्र राज्य बनले. ऐझॉल फुटबॉल क्लबाची स्थापना या करारापूर्वी दोनच वर्षे, १९८४ साली झाली होती.

जागा थोडी, वेड मोठे

जेथे घर बांधायला सपाट जमीन मिळत नाही, तेथे मैदान कोठून मिळणार? तरीही डोंगर कापून, भराव घालून मिझो लोकांनी मैदाने तयार केली. शहराच्या मध्यभागी असलेले लाम्मुआल मैदान आणि दक्षिणेकडे मुआलपुई येथील राजीव गांधी स्टेडियम ही त्यांतली प्रमुख. मुआलपुईच्या मैदानावर कृत्रिम हिरवळ आहे. एका बाजूला प्रेक्षकांचा सज्जा आणि भोवती डोंगर, असे त्याचे रूप.

शायलो मालसॉमत्लुआंगा हा खेळाडू कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये गाजला, तेव्हा फुटबॉल खेळूनही पोट भरता येते हे येथील मुलांना प्रथम कळले. त्यानंतर जेजे लालपेखलुआ आला. पुणे एफसीकडून खेळू लागलेला हा तरुण पुढे भारतीय संघाचा भरवशाचा आघाडीवीर झाला. २०१२ साली मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली. २०१४ साली राज्याच्या संघाने संतोष चषक जिंकला. गुणवान खेळाडूंची वाण नव्हती. वाण होती ती राष्ट्रीय पातळीवरच्या आपल्या क्लबाची. २०१५-१६ मध्ये ऐझॉलने आय-लीगमध्ये, म्हणजे त्या वेळच्या सर्वोच्च राष्ट्रीय लीगमध्ये, पाऊल टाकले आणि ही उणीव भरून निघाली.

गोव्याने सोडलेली जागा

पण पहिलेच वर्ष कठीण गेले. नऊ संघांत ऐझॉल आठवा आला. नवव्या क्रमांकावर पुण्याचा डीएसके शिवाजियन्स होता. परंतु नव्याने थेट प्रवेश मिळालेल्या संघाला पहिली काही वर्षे खालच्या श्रेणीत ढकलायचे नाही, असा नियम होता. त्यामुळे कुऱ्हाड कोसळली ती ऐझॉलवर.

या वेळी त्यांच्या मदतीला दूरचा गोवा आला, आणि तोही दुःखाच्या कारणाने. २००६-०७ ते २०१२-१३ अशी सलग सात वर्षे राष्ट्रीय विजेतेपद गोव्याच्याच क्लबांकडे राहिले होते. एकट्या धेंपोने एकूण पाच वेळा ते जिंकले होते. मात्र इंडियन सुपर लीग ही शहरांच्या नव्या संघांची स्पर्धा जोर धरू लागली आणि जुन्या क्लबांचे भवितव्य डळमळीत झाले. फुटबॉल महासंघाच्या धोरणाला विरोध म्हणून २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला पुन्हा बोलावणे आले. एका किनाऱ्यावर दिवा मालवला, तेव्हा दूरच्या डोंगरावर तो पेटला!

मुंबईची माणसे

नव्या हंगामासाठी क्लबाने प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांना आणले. त्यांनी सात वर्षे मुंबई एफसीचा संघ सांभाळला होता. मोठे विजेतेपद नावावर नव्हते. पण तुटपुंज्या साधनांत संघ तगवून धरण्याची कला त्यांना अवगत होती. त्यांच्यापाठोपाठ मुंबई एफसीकडून खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही डोंगरावर आले. गोलरक्षक अल्बिनो गोम्स गोव्याचा. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अम्ना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारियान, आघाडीला आयव्हरी कोस्टचा कामो बायी. बाकी संघ मिझो तरुणांचा. गुणवत्ता होती, पण ज्यांच्यावर मोठ्या क्लबांनी पैज लावली नसती, अशीच ही मंडळी.

बड्या क्लबांच्या मानाने ऐझॉलचा खर्च अगदी थोडा होता. अगोदरच्या दोन हंगामांत मोहन बागान आणि बंगळूर एफसी यांनी विजेतेपद मिळवले होते. ऐझॉलकडे कोणी गंभीरपणे पाहत नव्हते.

चार महिन्यांची चढण

७ जानेवारी २०१७ रोजी हंगाम सुरू झाला. दहा संघ, प्रत्येकाचे १८ सामने. पहिल्याच सामन्यात ऐझॉलने ईस्ट बंगालला त्यांच्या घरी १-१ असे बरोबरीत रोखले. त्यानंतर घरच्या मैदानावर एकामागून एक विजय मिळत गेले. मैदानावर येणाऱ्या गर्दीत आजीपासून नातवापर्यंत सगळे असत. लाल रंगाची लाटच उसळे.

एप्रिल उजाडला तेव्हा स्पर्धा दोघांतच उरली – शंभर वर्षांहून अधिक जुना मोहन बागान आणि आदल्या वर्षी खाली ढकलला गेलेला ऐझॉल. दोघांचेही १६ सामन्यांतून ३३ गुण झाले. २२ एप्रिल रोजी मुआलपुईला ते समोरासमोर आले. ८० मिनिटे उलटली तरी गोल नाही. ८३ व्या मिनिटाला कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर झोहमिंगलिआना राल्ते या मिझो बचावपटूने उंच उडी घेतली आणि डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. ऐझॉल १-० ने जिंकले. आता शेवटच्या सामन्यात एक गुण पुरेसा होता.

तो रविवार

शेवटचा सामना ३० एप्रिल रोजी शिलाँगला, यजमान शिलाँग लाजाँगशी होता. तो दिवस रविवारचा. ऐझॉलमध्ये रविवार म्हणजे चर्चचा दिवस. दुकाने बंद, रस्ते ओस. परंतु घाटाचा लांबलचक रस्ता तुडवून ऐझॉलचे पाठीराखे शिलाँगला जाऊन पोहोचले होते.

नवव्याच मिनिटाला लाजाँगच्या दिपांडा डिकाने गोल केला. त्याच वेळी कोलकात्यात मोहन बागानचा चेन्नई सिटीशी सामना चालू होता आणि तो त्यांनी २-१ असा जिंकला. म्हणजे ऐझॉल हरले असते, तर वर्षभराची पुंजी पणाला लागली असती. मध्यंतर झाले, तरी गोल नाही. अखेर ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. उरलेली मिनिटे संघाने दात-ओठ खाऊन काढली. ऐझॉल ३७, मोहन बागान ३६. ईशान्य भारतातील क्लब प्रथमच राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला.

या कथेला एक चटका लावणारी बाजूही आहे. ज्या मुंबई एफसीची जमील यांनी सात वर्षे उस्तवार केली, तो क्लब त्याच हंगामात तळाला गेला. त्यानंतर मुंबई एफसी आणि पुण्याचा डीएसके शिवाजियन्स हे दोन्ही क्लब राष्ट्रीय लीगमध्ये पुन्हा दिसले नाहीत.

चषकानंतरचे प्रश्न

विजयाचा आनंद ताजा असतानाच नवी चिंता उभी राहिली. महासंघ लीगची फेररचना करणार, आणि विजेत्या ऐझॉललाच दुसऱ्या श्रेणीत जावे लागणार की काय? क्लबाचे मालक रॉबर्ट रोमाविया रोयते यांनी आंदोलनाचा इशारा दिला. पुढच्या हंगामात आय-लीग तगली आणि ऐझॉलही. २०१८ च्या जानेवारीत हा क्लब आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत इराणच्या झोब आहान संघाशी खेळला. सामना १-३ असा गमावला. पण ऐझॉलचे नाव आशियाच्या नकाशावर पोहोचले.

मात्र जे भय होते ते अखेर खरे ठरले. पुढे इंडियन सुपर लीगला सर्वोच्च दर्जा मिळाला आणि आय-लीग दुसऱ्या पायरीवर गेली. चषक जिंकणारे खेळाडूही बड्या संघांनी उचलून नेले. जमील यांची वाटचाल चालूच राहिली. २०२५ साली ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. रोयते २०१८ मध्ये मिझोरामचे क्रीडामंत्री झाले, तर जेजे २०२३ मध्ये आमदार म्हणून निवडून आला. ऐझॉलला मात्र ते शिखर पुन्हा गाठता आले नाही.

मग त्या एका हंगामाने काय दिले? पैसा आणि प्रतिष्ठा एकीकडे असतानाही, एकमेकांना धरून राहणारी माणसे १८ सामन्यांच्या लांब वाटेवर सर्वांच्या पुढे जाऊ शकतात, हे त्याने दाखवून दिले. एखादा सामना नशिबाने जिंकता येतो. चार महिन्यांची लीग नाही.

तुम्हाला जायचे असेल तर

ऐझॉलला जाण्यासाठी बाहेरच्या राज्यांतील भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. लेंगपुईचा विमानतळ शहरापासून सुमारे ३२ किलोमीटरवर आहे. पूर्वी सिलचरहून घाटातून दिवसभर प्रवास करावा लागे. आता सप्टेंबर २०२५ पासून रेल्वे शहराजवळच्या साइरांगपर्यंत पोहोचली आहे. ५१ किलोमीटरच्या या मार्गावर ४८ बोगदे आहेत, आणि एक पूल तर ११४ मीटर उंच, कुतुबमिनाराहूनही उंच आहे!

बडा बाजारात विणलेले पुआन पाहावेत, बांबूच्या कोंबांची भाजी चाखावी, दुर्तलांगच्या टेकडीवरून शहर न्याहाळावे. रविवारी सगळे बंद असते, हे ध्यानात ठेवावे. आणि सामना असेल त्या दिवशी मुआलपुईला अवश्य जावे. शेजारी बसलेली मिझो आजी तुम्हाला आपली भाषा समजत नाही, हे पाहून थांबणार नाही. गोल झाला की ती तुमचा हात धरून उभी राहील.