अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन

परवा सांगलीला जाऊन आलो. मामांच्या दुकानातलं नेट दुरुस्त करायला म्हणून ऐटीत गेलो आणि चेहरा पाडून परत आलो.

मामांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. दीड महिन्यापूर्वी त्यांचा मला साताऱ्याला फोन आला. "अरे, दुकानात काहीही उघडलं की घाणेरड्या जाहिराती येतायत. व्यापाऱ्यांसमोर मान खाली घालावी लागते." मी चहा पिता पिता निदान करून मोकळा, "बिलं करणारा पोरगा नको त्या साइट बघत असणार. दुसरं काय!" मामा त्याला चारचौघांत बोलले. दुसऱ्या दिवसापासून पोरगा यायचा बंद झाला. जाहिराती मात्र येतच राहिल्या.

परवा दुकानात टेकतो न टेकतो तोच माझ्या मोबाईलवर तीच जाहिरात. माझ्या! वायफाय बंद करून सिमच्या नेटवर पाहिलं, तर सगळं स्वच्छ. म्हणजे कॉम्प्युटर निर्दोष, पोरगाही निर्दोष... गडबड होती ती गणपतीच्या फोटोशेजारी हळदीने पिवळ्या पडलेल्या राउटरमध्ये.

त्याच्या सेटिंगचं पान उघडलं. नाव अ‍ॅडमिन, पासवर्ड अ‍ॅडमिन. कारखान्यातून आला तसाच. २०१६ साली हा राउटर बसवला कोणी? अस्मादिकांनीच! वायफायला आजीच्या नावाचा लांबलचक पासवर्ड दिला होता आणि त्यावर खूश होतो. पण राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो, आणि तो बदलायचा राहूनच गेला. (मंडळी, तुमचा बदललाय का?)

आत डीएनएसच्या रकान्यात भलतेच आकडे होते. आपण साइटचं नाव टाकलं की तिचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. राउटरमध्ये ती कोणी बदलली की त्या वायफायवरचे सगळेच फोन आणि कॉम्प्युटर चुकीच्या दारात जातात. ब्राझीलमध्ये २०११च्या सुमारास सुमारे ४५ लाख मॉडेममध्ये हाच उद्योग झाला होता आणि लोकांना बँकेच्या नकली पानांवर नेलं जात होतं. मामा याच नेटवरून शेतकऱ्यांच्या पट्टीचे पैसे पाठवतात. हे आठवलं आणि पोटात गोळाच आला. खाती तपासली, पैसे जागेवर होते. सुटलो.

आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलचे हजारो मॉडेम असेच व्हायरसने बंद पाडले होते. मूळचे पासवर्ड बदला, असं तेव्हा ग्राहकांना सांगितलं गेलं. ती बातमी मी वाचली होती. दोघातिघांना पाठवलीही होती!

मामांना हे सगळं समजावताना सानपाड्याची गोष्ट आठवली. २६ जुलै २००८ला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल आला. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत एका अमेरिकन भाडेकरूच्या फ्लॅटवर पोचले. ईमेल त्याच्याच वायफायवरून गेला होता, पण तो पाठवला होता दुसऱ्याच कोणी. राउटर सताड उघडा होता. सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा ईमेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेला. राउटर बिचारा कोपऱ्यात लुकलुकत बसतो आणि संशय जातो माणसावर. सानपाड्यात निदान पोलिसांनी तपास तरी केला. मी तेवढाही केला नव्हता.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नवा राउटर आणू, पण त्या पोराकडे तूच जा."

जुन्याला कंपनीचं नवीन सॉफ्टवेअर मिळणं कधीच बंद झालं होतं, म्हणून नवा आणला. आधी पासवर्ड बदलला, मगच तो भिंतीवर चढवला. मग पोराकडे गेलो. तो आता एका मोबाईलच्या दुकानात असतो. मी चाचरत सगळं सांगितलं, चूक माझी होती म्हणालो. तो काउंटर पुसत ऐकत होता.

"मी शेठना तेव्हाच सांगितलेलं, माझ्या मोबाईलवर पण येतंय म्हणून," तो म्हणाला. "ते म्हणाले, बघ, म्हणजे तूच बघतोस."

परत येतोस का, असं विचारलं. तो नुसता हसला आणि आलेल्या गिऱ्हाईकाकडे वळला.