व्हीटी ते गिरगाव, व्हाया डेव्हलपर

एक निगेटिव्ह, सात जुने कागद आणि एकच शनिवार. ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटसाठी कुठला डेव्हलपर घ्यायचा, हे शोधत केलेली दक्षिण मुंबईची एक भटकंती.

शनिवार, सकाळचे साडेदहा. एरवी या वेळेला मी पांघरुणात असते आणि फोन सायलेंटवर. त्या दिवशी मात्र व्हीटीला उतरून (सीएसएमटी म्हणायची सवय अजून लागलेली नाही, सॉरी) डी. एन. रोड ओलांडून बोरा बाजारात शिरले होते. हातात पिशवी, पिशवीत एक निगेटिव्ह.

गिरगावातली आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आहे. किल्ल्या द्यायची तारीख ठरली आणि माळा रिकामा करताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत बाबांनी काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह. त्यातली एक जानेवारी १९८५ची. आई, लग्नानंतरची पहिली संक्रांत, चाळीच्या गॅलरीत कठड्याला टेकून उभी. अंगावर काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने. बाबा जाऊन पाच वर्षं झाली. हा फोटो आम्ही कुणीच पाहिलेला नव्हता.

मी स्मार्टपणे निगेटिव्ह स्कॅन करून आणली, फोनवर आईला दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘चंद्रकळा होती गं ती. काळीभोर. ही कुठली करडी?’’

म्हणून काका. बाबांचे मित्र, त्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर. आयुष्यभर स्टुडिओत प्रिंटिंग केलं आणि निवृत्त झाल्यावर घरच्या मोरीची डार्करूम केली. ते म्हणाले, ‘‘एनलार्जर आहे, फिक्सर आहे. कागदाचं एक पाकीट आहे, सात शीट उरल्यात. डेव्हलपर मात्र संपलाय. तू जाऊन बघ काय काय मिळतंय. घ्यायच्या आधी मला फोन कर.’’

बाटली की पुडी?

बोरा बाजार म्हणजे मुंबईची कॅमेऱ्यांची गल्ली. लेन्स, ट्रायपॉड, फ्लॅश, बॅगा, आणि त्यातून वाट काढणारी हातगाडी. फिल्म-डार्करूमचं सामान ठेवणारे आता मोजकेच. अशाच एका दुकानात काउंटरवर माझा क्लास सुरू झाला.

आधी बेसिक फंडा. फोटोच्या कागदावर चांदीच्या क्षारांचा थर असतो. एनलार्जरचा प्रकाश पडला की त्यावर चित्र उमटतं, पण ते दिसत नाही. डेव्हलपर त्या प्रकाश लागलेल्या कणांची धातूची चांदी करतो आणि ती काळी दिसते. काळा किती गडद, पांढरा किती स्वच्छ, रंगाची झाक निळसर थंड की तपकिरी उबदार, यात कागदाखालोखाल डेव्हलपरचा हात असतो.

दुकानदाराने पर्याय मांडले. एक, इलफर्ड मल्टिग्रेडसारखा लिक्विड डेव्हलपर. एक भाग बाटलीतला, नऊ भाग पाणी, झालं काम. दोन, पावडर, गरम पाण्यात विरघळवा, बाटलीत भरून ठेवा. तीन, वॉर्म टोन, म्हणजे चित्राला किंचित तपकिरी ऊब देणारा.

माझं मन अर्थातच तिसऱ्यावर. जुना फोटो, जुनी चाळ, मग ते फोनवरच्या व्हिंटेज फिल्टरसारखं नको का दिसायला? काकांना फोन लावला.

ते हसले. ‘‘उबदारपणा आधी कागदात असावा लागतो. क्लोरोब्रोमाइड कागद असेल तर वॉर्म डेव्हलपर त्याला फुलवतो. आपला ब्रोमाइड कागद आहे, त्याला फारसा फरक पडणार नाही. आणि मला सांग, फोटोत काय आहे?’’

‘‘आई.’’

‘‘संक्रांत आहे. साडी काळी दिसली पाहिजे आणि हलवा पांढरा. एवढंच बघायचं. आपला कागद जुना आहे, तो पांढरा राहणं हीच मुश्कील. नवा कागद असता तर म्हटलं असतं, बाटली घे आणि ये. आज आपण घरी बनवू. डी-७२. लिहून घे.’’

क्यानीत यादी, प्रिन्सेस स्ट्रीटला खरेदी

बोरा बाजारातून चालत मेट्रो सिनेमापर्यंत आलं की समोर क्यानी. १९०४ पासूनचा इराणी. ब्रुन मस्का, चहा आणि फोनवर काकांनी पाठवलेली यादी. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट, सोडियम कार्बोनेट, पोटॅशियम ब्रोमाइड. शेवटी अधोरेखित, बेंझोट्रायझोल.

दहावीनंतर केमिस्ट्रीला रामराम ठोकलेल्या माझ्यासारखीला हे आमच्या टीमच्या भाषेत समजलं. मेटॉल म्हणजे मेलला दोन मिनिटांत रिप्लाय देणारा. तो पटापट करड्या छटा आणतो. हायड्रोक्विनोन उशिरा येतो, पण गडद काळा त्याच्याशिवाय होत नाही. कार्बोनेट म्हणजे डेडलाइन, त्याच्यामुळे सगळे कामाला लागतात. सल्फाइट या सगळ्यांना हवेने खराब होण्यापासून वाचवतं. ब्रोमाइड म्हणजे ‘थांब, आधी विचार कर’ म्हणणारा सीनियर; प्रकाश न लागलेल्या कणांना तो उगाच काळं होऊ देत नाही. बेंझोट्रायझोलचं काम तेच, फक्त आणखी कडक.

क्यानीवरून गिरगाव रोडने सरळ निघालं की प्रिन्सेस स्ट्रीट आडवा येतो. औषधं, केमिकल, लॅबची काचेची भांडी यांचा हा बाजार. पाच-सहा दुकानं फिरल्यावर यादी पुरी झाली. एका दुकानात विचारलं गेलं, ‘‘कार्बोनेट कुठलं, मोनोहायड्रेट की अनहायड्रस?’’ पुन्हा काकांना फोन. मोनोहायड्रेट असेल तर लिटरला ८० ग्रॅम, अनहायड्रस असेल तर ६७.५. नाव एकच असलं तरी एकात पाणी धरलेलं असतं, म्हणून वजन वेगळं.

मोरीतली रात्र

संध्याकाळी ठाकूरद्वारला पोचले तेव्हा अर्धी चाळ रिकामी झाली होती. गॅलरीत गुंडाळलेल्या गाद्या, उतरवलेले पंखे. काकांच्या खोलीत मात्र तयारी जय्यत. मोरीवर फळी, फळीवर एनलार्जर, खिडकीला काळं कापड, वर लाल दिवा.

आधी मिश्रण. साधारण ५० अंशांचं ७५० मिली पाणी. त्यात चिमूटभर सल्फाइट, मग ३ ग्रॅम मेटॉल. ‘‘सगळं सल्फाइट आधी घातलंस तर मेटॉल विरघळायला रुसतं,’’ काका म्हणाले. ते विरघळल्यावर सल्फाइट ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२, कार्बोनेट, ब्रोमाइड २. पाणी घालून एक लिटर. वापरताना एकास दोन भाग पाणी.

दुसरा प्रश्न मुंबईचा. डेव्हलपर हवा २० अंशांवर, नळाचं पाणी २९. तापमान चढलं की हायड्रोक्विनोन जास्तच उत्साहात येतो आणि पांढऱ्यावर करडी धुंद चढते. बर्फ ट्रेमध्ये टाकायचा नाही, डेव्हलपर पातळ होतो. काकांनी खास याच कामाला ठेवलेल्या मोठ्या परातीत बर्फाचं पाणी ओतलं आणि ट्रे तिच्यात बसवला. थर्मामीटर हळूहळू २१ वर आला. ‘‘चालेल,’’ ते म्हणाले.

मग पाकीट उघडलं. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद. १९६० साली स्थापन झालेली ही सरकारी कंपनी आता बंद पडली आहे. म्हणजे हे सात संपले की संपले.

पहिल्या शीटच्या काकांनी पट्ट्या कापल्या. एक पट्टी प्रकाश न दाखवता अर्धी केली. एक तुकडा थेट फिक्सरमध्ये, दुसरा डेव्हलपरमधून फिक्सरमध्ये. दिवा लावून दोन्ही शेजारी ठेवले. पहिला पांढरा. दुसरा पावसाळी आभाळासारखा करडा. हीच ती धुंद, फॉग. आईचा हलवा या रंगाचा झाला असता.

काकांनी बेंझोट्रायझोलचं एक टक्क्याचं द्रावण केलं होतं. लिटरभर डेव्हलपरमध्ये १० मिली घातलं, पुन्हा पट्टी. थोडी उजळली. २० मिलीला जवळजवळ पांढरी. त्याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. एक्स्पोजर वाढवावं लागतं. आमचं १२ सेकंदांवरून १८ वर गेलं. आणि झाक थंड, निळसर काळी होते. म्हणजे मला हव्या होत्या त्या उबेच्या बरोबर उलट.

दुसरी शीट मी वाया घालवली. ट्रेमध्ये चित्र यायला लागलं, आईचा चेहरा दिसला, तो भराभर गडद होतोय असं वाटलं आणि घाबरून मी कागद पाऊण मिनिटात बाहेर काढला. पांढऱ्या उजेडात साडी पुन्हा करडीच. स्कॅनसारखीच!

काका रागावले नाहीत. फक्त म्हणाले, ‘‘लाल दिव्यात सगळं असतं त्यापेक्षा गडद दिसतं. पूर्ण दोन मिनिटं द्यायची. जास्त गडद वाटलं तर पुढच्या वेळी प्रकाश कमी करायचा, वेळ नाही. काळा शेवटच्या मिनिटात येतो.’’

तिसरी शीट जवळपास. चौथीला मी घड्याळाकडे बघत राहिले, ट्रेकडे नाही. दोन मिनिटं. मग स्टॉप बाथ, फिक्सर, आणि दिवा.

साडी काळी होती. निऱ्यांच्या घड्या ओळखू येतील इतपतच उजेड ठेवून काळी. हलव्याचा हार मण्यामण्याने वेगळा. कोपऱ्यात थोडी धुंद राहिली होती, ती काकांनाही दिसली, मलाही.

उरलेल्या तीन शीट काकांनी पाकिटात परत ठेवल्या. ‘‘माझ्या गॅलरीसाठी लागतील,’’ एवढंच बोलले.

रविवारी सकाळी आईच्या हातात प्रिंट दिली. तिने चष्मा लावला, बोट न टेकवता हारावरून फिरवलं. ‘‘बाजूबंद तुझ्या आत्याने केले होते,’’ ती म्हणाली. ‘‘एक सकाळीच तुटला होता. बघ, म्हणून हात मागे घेतलाय.’’

स्कॅनमध्ये तो हात मला दिसलाच नव्हता.

तुम्हालाही ट्राय करायचंय?

• नवा कागद आणि पहिलाच प्रयत्न असेल तर लिक्विड डेव्हलपर घ्या. मल्टिग्रेडचं प्रमाण १+९. प्लॅस्टिक थराच्या आरसी कागदाला एक मिनिट, फायबर कागदाला दोन.

• वॉर्म टोन हवा असेल तर आधी तसा कागद घ्या, डेव्हलपर नंतर.

• कागद जुना असेल तर वरची दोन तुकड्यांची टेस्ट आधी करा.

• मेटॉलने काहींच्या त्वचेला अॅलर्जी होते. तुम्ही त्यातले असाल तर फेनिडोनवर आधारलेला डेव्हलपर बघा. ग्लोव्हज, चिमटे आणि खेळती हवा मात्र सगळ्यांनाच मस्ट. डार्करूमची भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

• ट्रेमधला डेव्हलपर त्याच दिवशी संपवा. बाटली गळ्यापर्यंत भरून ठेवा. द्रावण चहाच्या रंगाचं झालं की टाकून द्या.

• एकच डेव्हलपर निवडा आणि सहा महिने बदलू नका. कधी काय बिघडलं, हे त्याशिवाय कळत नाही.

• शनिवारीच जा. रविवारी प्रिन्सेस स्ट्रीटचा बाजार बहुतेक बंद असतो.