नांगराचा दिवा

दिवेलागणीला मामी कंदिलाची काच उतरवायची आणि मला हाक मारायची. माझा हात लहान, काचेत मनगटापर्यंत सहज जायचा. चुलीतली चिमूटभर राख, जुन्या लुगड्याचा बोळा, मग एक फुंकर आणि पुन्हा बोळा. काच अशी लख्ख व्हायची की हातात आहे की नाही कळू नये. तोवर मामी वात कातरून घ्यायची. वातीचे दोन्ही कोपरे किंचित गोल कापले की ज्योत सरळ उभी राहते. तिरकी कापली तर एका अंगानं काजळी धरते, हे मला शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक होतं. रेशनचं निळं रॉकेल भरलं की दोन कंदील तयार. एक ओट्यावर, दुसरा होडीत.

होडीतला कंदील मामा स्वतः नेऊन ठेवायचा. आमच्याकडचा नांगर म्हणजे दोराला बांधलेला धोंडा. उन्हाळ्यात पाणी रोज थोडं थोडं मागं सरकतं. होडी काठाला लावून झोपलं तर सकाळी ती चिखलात बसलेली सापडते. म्हणून ती रात्री आत, खोल पाण्यात, धोंडा टाकून ठेवायची आणि मधल्या बांबूला कंदील टांगायचा. मी एकदा मामाला विचारलं, होडीत कुणी झोपत नाही, मग दिवा कुणासाठी? मामा म्हणाला, "पोरी, घरातला दिवा आपल्याला दिसावं म्हणून असतो. पाण्यातला दिवा आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून असतो." आज इतक्या वर्षांनी त्या विषयातली पुस्तकं चाळली, नियम वाचले, या एका वाक्याच्या पलीकडचं फार काही त्यात मला सापडलं नाही.

हे पाणी डिंभे धरणाचं. घोड नदीवरचं. कागदोपत्री नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू आमच्याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुंबईत गिरणीत कामाला होते आणि १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे झाले. त्यांचं नाव या पाण्याला आहे ते योग्यच आहे. पण या पाण्याखाली आंबेगाव आहे, हेही विसरता येत नाही. ज्या गावानं तालुक्याला नाव दिलं ते गाव तळाशी, आणि तालुक्याची कचेरी घोडेगावात. नव्वदीच्या दशकात पाणी चढत गेलं, माणसं उठून वर सरकली आणि काल चालत जायची वाट आज होडीची झाली. सड्यावरच्या वाडीतून समोरच्या वाडीत जायला रस्त्यानं केवढा वळसा, आणि पाण्यानं हाकेचं अंतर. आजारी माणूस, दळण, लग्नाचं वऱ्हाड, सगळं होडीतून.

मे महिन्यात पाणी उतरलं की जुन्या भिंती, जोती, देवळाचे दगड डोकं वर काढतात. दिवसा बघायला माणसं येतात, फोटो काढतात. रात्री होडीवाल्याला तीच भिंत काळ. पाण्याच्या वीतभर खाली असलेला दगड कुठल्याच दिव्यात दिसत नाही. मामाला ते सगळं पाठ होतं, कारण त्याच भिंतींच्या मधून तो लहानपणी गुरं घेऊन गेला होता. आपल्याच गावाच्या गल्ल्यांवरून होडी हाकणारा माणूस मी त्याच्याआधी पाहिला नाही, त्याच्यानंतरही नाही.

मग मोटर आली आणि मोटरीबरोबर बॅटरी. मामीचा एक भाऊ मुंबईला भाऊच्या धक्क्यावर कामाला होता. जुन्नर-आंबेगावच्या घराघरातलं कुणी ना कुणी मुंबईच्या बंदराला, मार्केटला नाहीतर गिरणीला असायचंच. तो एका गणपतीला येताना गोणपाटात गुंडाळून मोडीत निघालेल्या लाँचचे पितळी दिवे घेऊन आला. एक लाल काचेचा, एक हिरव्या काचेचा, दोन पांढरे. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत यायचा. आमच्याकडे बंदराचे दिवे एस.टी.नं माळशेज चढून आले.

ते दिवे कसे वाचायचे हे त्यानं ओट्यावर बसून आम्हा पोरांना शिकवलं. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, मागं पांढरा, डोलकाठीवर पांढरा. समोर नुसता लाल दिसला तर समजायचं, ती होडी आपल्याला तिची डावी बाजू दाखवत आडवी चालली आहे. नुसता हिरवा, तर उजवी. लाल-हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ती सरळ आपल्यावर येते आहे, लगेच आपल्या उजव्या हाताला वळायचं. नुसता एक पांढरा दिसला तर ती पुढं चालली आहे, नाहीतर नांगर टाकून उभी आहे. नंतर कळलं की हे सगळ्या जगाचं आहे, १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत लिहिलेलं. बाजूचा प्रत्येक दिवा नाकासमोरून काटकोनाच्याही साडेबावीस अंश मागपर्यंत, म्हणजे एकूण ११२.५ अंशांत दिसला पाहिजे. दोन बाजू मिळून २२५, आणि मागचा पांढरा १३५. बेरीज बरोबर ३६०. कुठंही फट नाही, कुठंही एकावर एक नाही. गणित मला कधी फारसं आवडलं नाही, पण ही बेरीज मला आजही सुंदर वाटते. अंधारात अनोळखी माणसाला एक शब्दही न बोलता सांगायचं, मी कोण, कुठं तोंड करून आहे, थांबलो आहे की चाललो आहे.

डिंभ्याच्या पाण्यात तेव्हा असे दिवे लावणारा मामा बहुधा एकटाच. बाकीच्यांचा कंदील, नाहीतर हातातली बॅटरी. तरी त्यानं ते दिवे पोटच्या पोरासारखे सांभाळले. पितळ चिंचेनं घासायचा. आतले बल्ब १२ व्होल्टचे, १० वॅटचे, तारेचे. इंजिनाच्या हादऱ्यानं तार तुटायची. बल्ब कानाजवळ नेऊन हलवला की बारीक किणकिण ऐकू यायची, म्हणजे गेला. चार दिवे मिळून ४० वॅट, रात्रभर ठेवले तर १२ व्होल्टची बॅटरी तीस-तेहतीस अँपिअर-तासांनी खाली. मग ती बॅटरी डोक्यावर चुंबळ ठेवून सडकेपर्यंत, तिथून जीपनं घोडेगावला चार्जिंगला. बॅटरीतल्या ॲसिडनं मामाच्या सदऱ्याला पडलेली भोकं मामी शिवत बसायची. म्हणून नांगरावर मात्र पुष्कळ वर्षं कंदीलच राहिला. एका दिव्यापायी सकाळी मोटर सुरू झाली नाही, हे त्याला परवडणारं नव्हतं.

आता मामा नाही. होडी मामेभाऊ चालवतो, मासेमारीही करतो. या जलाशयातली मासेमारी काठच्या आदिवासींच्या हाती राहावी म्हणून त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, त्यात शाश्वत संस्थेचा हात मोठा. २०१२ साली शाश्वतला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या वाडीत पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. विस्थापित झालेल्या माणसाला त्याच पाण्यानं पुन्हा भाकरी दिली, ही गोष्ट मला कुठल्याही विकासाच्या भाषणापेक्षा मोठी वाटते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत गेले तर भाऊ उत्साहानं म्हणाला, "ताई, सगळं एलईडी केलंय, चल दाखवतो." घरातले दिवे तर २०१५ च्या उजाला योजनेपासूनच बदलले होते, पाण्यावरचे राहिले होते. त्यानं बटण दाबलं आणि माझे डोळेच दिपले. पुढं शेताला लावतात तसला मोठा फोकस. पितळी दिव्यांच्या आत बाजारातले थंड पांढरे बल्ब. हिरव्या काचेतून निळसर उजेड येत होता, लाल काच फिकट नारिंगी दिसत होती. फोकस बंद केल्यावरही कितीतरी वेळ मला समोरचा काठ दिसेना. अंधाराला सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात आणि ते सरावलेपण एका झोतात जातं. त्याचा स्वतःचा दिवा त्यालाच आंधळं करत होता, आणि समोरून येणाऱ्याला त्या झोतामागं ना लाल दिसणार, ना हिरवा.

आणखी एक गंमत त्यानंच सांगितली, पण तो ती तक्रार म्हणून सांगत होता. दिवे लावले की ट्रान्झिस्टर खरखरतो. पुणे केंद्र, ७९२ किलोहर्ट्झ, मामाच्या वेळेपासून होडीत तेच लागतं. मी दिवे एक-एक करून बंद करायला लावले. वरचा पांढरा बंद केला आणि बातम्या स्वच्छ ऐकू आल्या. स्वस्त एलईडीच्या बुडाशी जी इवलीशी वीजपट्टी असते ती सेकंदाला हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करते; तिला नीट गाळणी नसेल तर ती स्वतःच एक बारीक रेडिओ केंद्र होऊन बसते. समुद्रावर ही चेष्टा जिवावर बेतू शकते, कारण तिथं मदत मागायची ती रेडिओवरच. २०१८ साली अमेरिकेच्या तटरक्षक दलानं याच कारणासाठी जहाजांना जाहीर इशारा दिला होता.

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हे समजावून सांगायला अमेरिकेला जायची गरज नाही. नारायणगावाजवळ खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती जागा निवडली त्यात हेही एक कारण होतं, की इथं माणसानं केलेला रेडिओचा गोंगाट कमी आहे आणि डोंगर आड आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली आकाशातली कुजबुज ऐकायची तर शेजारी शांत हवेत. मी भावाला म्हटलं, खोडदच्या दुर्बिणीचं जे दुखणं तेच तुझ्या ट्रान्झिस्टरचं. तो हसला आणि त्याला ते पटलं.

मग आम्ही दोन दिवस बसून सगळं नीट केलं. लाल काचेमागं लाल उजेडाचाच एलईडी, हिरव्यामागं हिरवाच; पांढरा बल्ब काचेनं रंगवून घ्यायचा हा जुन्या तारेच्या पिवळट उजेडाचा हिशेब, एलईडीला तो लागू पडत नाही. पांढरे दिवे जरा उबदार छटेचे घेतले, चांगल्या बनावटीचे, रेडिओ शेजारी ठेवून तपासून. तारेच्या बल्बला अधिक-उणे नव्हतं, याला आहे; एक उलटा बसला आणि पेटेना, तेव्हा भावाचं तोंड उतरलं होतं. नव्या दिव्याला ऊब नसते, त्यामुळं पहाटेचं दव काचेच्या आत बसतं. जुना बल्ब ते आपल्या उष्णतेनं सुकवून टाकायचा. म्हणून काचेच्या कडेचं जुनं रबर काढून नवं बसवलं. फोकस काढून टाकला नाही, पण त्याला वेगळं बटण दिलं: काठाला लागताना आणि कुणी पाण्यात पडलं तरच. नांगराचा दिवा दीड वॅटचा, उंच बांबूवर, चारी बाजूंनी दिसणारा. दहा तास जळला तरी पंधरा वॅट-तास.

काय गेलं म्हणाल, तर ओळख गेली. मामी ओट्यावरून पाण्याकडे बघून सांगायची, तो आपला, तो सावंताच्या वाडीकडचा, तो कुणीतरी नवा. कुणाची ज्योत तांबूस, कुणाची काजळीनं मंद, कुणाची सारखी नाचरी. आता सगळे दिवे एकाच कारखान्यातून आलेले, एकाच रंगाचे. पावसाच्या तोंडावर काठच्या झाडांवर काजवे पेटतात. त्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. कंदिलाच्या उजेडात ते बिनधास्त होडीवर यायचे. फोकस लागला की त्या अंगाचं झाड विझल्यासारखं होतं. हे नुकसान लहान आहे असं मला वाटत नाही.

पण कंदील परत यावा असंही मी म्हणणार नाही. लाकडी होडीत रॉकेल सांडून काय होऊ शकतं हे मी पाहिलं आहे. वाऱ्यानं कंदील विझायचा, आणि वारा सुटतो तेव्हाच तर तो हवा असतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जीव गेले. आमचं घोड नदीचं पाणी भीमेतून त्याच उजनीला जातं. बातमी आली त्या रात्री मामी जेवली नाही.

म्हणून डिंभ्यापासून माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज, येडगावपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या होड्या पाण्यात आहेत त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. दिवा एलईडी लावा, जरूर लावा. पण डोळे दिपवणारा नको. रंगाला रंग जुळवून लावा, उंच लावा, नांगर टाकलात तरी चालू ठेवा, आणि प्रत्येक माणसाच्या अंगात जॅकेट असल्याशिवाय दोर सोडू नका.

मामाचा कंदील आता ओट्यावरच्या खुंटीला आहे. मामी सणासुदीला त्याची काच अजूनही राखेनंच पुसते. भावाच्या मुलीचा हात त्या काचेत मनगटापर्यंत जातो.