पोटाच्या ऑपरेशनचा मुहूर्त



हा विषय लिहू की नको, असं करत दिवाळी उलटून गेली. लाडू-चकलीवर लिहिताना लाज वाटत नाही, स्वतःच्या पोटावर लिहिताना वाटते. पण गेल्या महिन्यात बस्तीत एकीने बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुमचं वजन उतरलं, पण पोटाच्या कातडीचं काय केलंत?" तिचाही तोच त्रास. मग म्हटलं, लिहूच.

चार वर्षांपूर्वी माझं वजन १०१ किलो होतं. साखर वाढली, गुडघे बोलू लागले. रोजचं चालणं, गोड बंद आणि सूर्यास्तापूर्वीचं जेवण पुन्हा कडक पाळणं, असं करत तीन वर्षांत ३५ किलो उतरले. सगळ्यांनी कौतुक केलं. कौतुक करणाऱ्यांना दिसत नव्हती ती गोष्ट साडीच्या आत होती. पोटाची सैल कातडी पिशवीसारखी खाली लोंबत होती. उन्हाळ्यात त्या घडीत घाम साठायचा, लाल चट्टे उठायचे, कुबट वास यायचा. मलम लावलं की आठ दिवस बरं, पुन्हा तेच. सामायिकाला बसावं तर ४८ मिनिटांतली निम्मी खाजेकडे लक्ष देण्यात जायची.

गेल्या वर्षी लेकीचं लग्न ठरलं, फेब्रुवारीचं. मी मनात पक्कं केलं, डिसेंबरात टमी टक करून घ्यायचं. लग्नात पैठणी नेसून फोटोत नीट दिसायचं. आता कबूल करते, तेव्हा चट्ट्यांपेक्षा फोटोच डोळ्यांसमोर होते.

सर्जननी तपासलं, कागद पाहिले आणि सरळ नाही म्हणाले.

"तुमचं वजन अजून उतरतंय," ते म्हणाले. "किमान सहा महिने, जमलं तर वर्षभर, काटा एका जागी राहू द्या. आता कातडी काढून शिवली आणि आणखी उतरलात, तर ती पुन्हा सैल पडेल. वाढलात तर ताणेल." माझं हिमोग्लोबिन ९.६ होतं, बी-१२ कमी, प्रथिनं अपुरी. अशा अंगावर कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी जखम लवकर भरत नाही, हेही त्यांनी समजावलं. बेरिॲट्रिक ऑपरेशन करून वजन उतरवलेल्यांना साधारण वर्ष-दीड वर्ष थांबवतात. ज्यांना अजून मूल हवं आहे, त्यांना बाळंतपणानंतर या म्हणतात, कारण गरोदरपणात पोट पुन्हा ताणतं.

घरी येताना रिक्षात रडले. दोन दिवसांनी राग ओसरला, तेव्हा कळलं की डॉक्टरांनी मला माझ्याच घाईपासून वाचवलं. पोटावर टाके घेऊन मांडवात उभी राहणार होते मी! लग्न झालं, पैठणी नेसले, पदर जरा पुढे घेतला. पोट कुणी पाहिलं नाही. सगळ्यांनी लेकीला पाहिलं.

मग अंग तयार करायला घेतलं. आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं सांगितली. आपल्या घरात हे गणित सोपं नाही. मोड आलेलं कडधान्य आम्ही खात नाही, द्विदल पाळतो म्हणून डाळीबरोबर दही-ताक नाही, आणि सगळं सूर्यास्ताच्या आत. मग मी वाटून घेतलं. सकाळी मुगाचं धिरडं, दुपारी घट्ट वरण आणि सोयाबीनची उसळ, मधल्या वेळेला शेंगदाणे, संध्याकाळच्या जेवणात पनीर किंवा दही, पण त्या वेळी डाळ नाही. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर. सप्टेंबरच्या तपासणीत हिमोग्लोबिन १२.२ आलं. वजन मार्चपासून ६४ च्या आसपास आहे, फार तर किलोभर इकडेतिकडे.

दशलक्षणात दरवर्षी मी दहा दिवस एकाशन करते. यंदा केलं नाही. मनाला लागलं. माताजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "उपवास शक्तीनुसार. यंदा स्वाध्याय वाढव." तोच केला.

तरी एक काटा मनात होताच. बारा भावनांमधली अशुचि भावना मी रोज चिंतते. हा देह मळाचा, याचा मोह कसला? आणि त्याच देहासाठी एवढा खर्च, एवढी चिरफाड? हे मी सासूबाईंजवळ बोलले. त्या ८१ वर्षांच्या आहेत, वाती वळत होत्या. म्हणाल्या, "बाहुबलीच्या अंगावर वेली चढल्या तरी तो हलला नाही. तू बाहुबली आहेस का गं? चट्टा उठला की औषध लावतेस ना? मग हे पण औषधच समज. फक्त आरशापुढं उभं राहून करू नकोस."

त्यांचं शेवटचं वाक्य मी धरून ठेवलं. आता स्वतःला एकच प्रश्न विचारते: कुणी पाहणारंच नसतं, तरी मी हे केलं असतं का? गेल्या वर्षी उत्तर 'नाही' होतं. यंदा 'हो' आहे.

आता तारीख. लेक चार महिन्यांची गरोदर आहे, बाळंतपण एप्रिलात, माहेरी. ती म्हणाली, "आई, माझं झाल्यावर कर ना." एक रात्र विचार केला. लग्न झालं, आता बाळंतपण, मग बारसं, मग बाळाचे दात. आपल्या बायकांचं सगळं असंच पुढे जातं. शरीर तयार नव्हतं म्हणून थांबले, ते बरोबर होतं. आता शरीर तयार आहे, आता थांबले तर ते केवळ सवयीनं. तिला म्हटलं, "बाळाला उचलायला मी धडधाकट हवी ना? म्हणूनच आधी."

डिसेंबरचा पहिला आठवडा ठरला. थंडीत पोटाचा घट्ट पट्टा सहा आठवडे सोसवतो, सांगलीच्या एप्रिलात नाही. सहा आठवडे जड उचलायचं नाही. भरलेला कुकर नाही, पाण्याची कळशी नाही. पहिले काही दिवस जखमेतलं पाणी काढणाऱ्या नळ्या असतील, कंबर वाकवून चालावं लागेल. ह्यांना वरण-भात आणि थालीपीठ शिकवून झालंय. थालीपीठ अजून नकाशासारखं होतं.

एक गोष्ट आपल्या बायकांना कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ऑपरेशननंतर इंजेक्शन देतात. त्यातलं हेपॅरिन आणि त्याच्या जातीची नेहमीची औषधं डुकराच्या आतड्यापासून बनतात. फोंडापॅरिनक्स हे पूर्ण कृत्रिम औषध आहे, पण ते प्रत्येकीला चालतंच असं नाही. कॅटगट नावाचा धागा जनावराच्या आतड्याचा असतो, कृत्रिम धागे सहज मिळतात. बऱ्याच कॅप्सूलचं वेष्टन जिलेटिनचं असतं. हे सगळं भरती होण्याआधी विचारा, टेबलावर पडल्यावर नाही. मी यादी करून नेली. डॉक्टर हसले नाहीत, एकेक ओळ वाचून उत्तर दिलं. जिवावर बेतलं तर त्यांचा निर्णय अंतिम, हे मी आधीच सांगून ठेवलंय. रात्रीच्या गोळ्यांचंही तसंच. माझ्या नियमात औषध-पाण्याची सूट आहे. तुम्ही नियम घेताना ती ठेवली आहे का, आठवून पाहा.

बस्तीतल्या त्या मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं: आधी काटा थांबू दे, मग रक्त तपास, मग मनाला विचार. तिघांनी 'हो' म्हटलं की कॅलेंडर उघड.

पुढचं लिखाण आता संक्रांतीनंतर. तोवर ह्यांची थालीपीठं गोल झाली तर तेही कळवीन.

जय जिनेंद्र.